घरातील अळंबी : आधी जागा, मग साहित्य

ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या सदनिकांत शेतीस जागा नाही; परंतु धिंगरी अळंबीस माती लागत नाही, प्रखर ऊनही नको. मुरबाड-शहापूरकडील भाताचा पेंढा तिला पुरतो. त्यामुळे महागड्या तयार संचाची आवश्यकता नाही.

पेंढ्याचे बारीक तुकडे रात्रभर भिजवून सुमारे 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवावेत. निथळून गार झाल्यावर, ओल्या वजनाच्या 2 ते 3 टक्के बियाणे थराथराने घालून सच्छिद्र पिशव्या भराव्यात. अंधारात 15 ते 20 दिवसांत पांढरे तंतू पसरतात. नंतर पिशवी काढून मंद प्रकाश, खेळती हवा व 80 ते 90 टक्के आर्द्रता द्यावी. बांबूची मांडणी, ओले गोणपाट, फवारणी पंप, तापमापक व आर्द्रतामापक एवढे साहित्य पुरेसे होय. तापमान 20 ते 30 अंश असावे. कडक उन्हाळा टाळावा.

एक दक्षता मात्र अत्यावश्यक आहे. पक्व अळंबीचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे गेल्यास खोकला, ताप वा दम्याचा त्रास संभवतो. म्हणून निजण्याच्या खोलीत लागवड करू नये. कडा वर वळण्यापूर्वीच, मुखपट्टी बांधून काढणी करावी. स्वतंत्र खोली नसल्यास बचत गटाने सामायिक जागा घेणे हितावह ठरेल.