विजेचा टूथब्रश कसा निवडावा?

रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या पेढ्या आहेत. सोन्याची परीक्षा झळाळीवरून होत नाही, ती कसावरून होते. विजेच्या टूथब्रशाचीही परीक्षा अशीच करावी.

हे साधन स्वित्झर्लंडमध्ये १९५४ साली निर्माण झाले. दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर काढून टाकणे हे त्याचे कार्य होय. हा थर राहिला म्हणजे हिरड्या सुजतात व त्यांतून रक्त येऊ लागते. कॉक्रेन संस्थेने २०१४ साली ५६ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर हा थर साध्या ब्रशापेक्षा २१ टक्क्यांनी व हिरड्यांचा दाह ११ टक्क्यांनी कमी आढळला. सर्वाधिक पुरावा गोल डोके उलटसुलट फिरणाऱ्या प्रकाराविषयी होता.

मग मध्यम खर्चात काय पाहावे? तंतू मऊ असावेत. दोन मिनिटे पूर्ण होताच सूचना मिळावी. जोर अधिक पडल्यास इशारा मिळाला तर उत्तम, कारण अतिदाबाने हिरड्या झिजतात. डोके सुमारे तीन महिन्यांनी बदलावे लागते, म्हणजे वर्षाकाठी चार डोकी लागतात. यास्तव दुकानदारास प्रथम सुट्या डोक्याची किंमत विचारावी. ते गावात मिळत नसेल, तर स्वस्त ब्रशही अखेर महागच पडतो. फोनशी जोडणी किंवा अनेक गती यांसाठी अधिक पैसे देण्याचे कारण नाही.

ज्यास हा खर्च झेपत नाही, त्याने खंत करू नये. मऊ साधा ब्रश, फ्लोराइडयुक्त पेस्ट आणि दिवसातून दोन वेळा दोन मिनिटांचा नेम यांनीही दात उत्तम राखता येतात.