रेडिओ बंद केल्यावर

1956 च्या फेब्रुवारीत पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग सुरू झाला. रविवारी आणि गुरुवारी संध्याकाळी गावातली वीसेक माणसं सार्वजनिक रेडिओभोवती जमत. पुणे केंद्रावरून त्यांच्यासाठी अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम लागे. तो संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्या विषयावर आपसांत बोलायचं. दहा आठवडे, वीस कार्यक्रम. प्रयोगाचा सगळा जीव होता तो रेडिओ बंद झाल्यानंतरच्या बोलण्यात.

अशा प्रत्येक श्रोता मंडळाला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक असे. निमंत्रकाचं काम जास्त किचकट. सभासद गोळा करायचे, गप्पांचा फाटा फुटला तर विषयावर आणायचं, आणि शेवटी काय पटलं, काय नाही, गावाने काय करायचं ठरवलं आणि रेडिओवाल्यांना काय विचारायचं आहे, हे सगळं कागदावर उतरवून पुण्याला धाडायचं. त्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांत उत्तरं मिळत. तोवर खेड्यातला रेडिओ म्हणजे एकतर्फी मामला होता. सरकार बोले, गाव ऐके. टपालाच्या या साध्या सोयीने गावाला उलट बोलण्याची वाट मिळाली.

कल्पना कॅनडाची होती. तिथे 1941 पासून शेतकऱ्यांची श्रोता मंडळं चालत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्यांचं सूत्र. युनेस्कोला ते भारतात करून पाहायचं होतं. त्या वेळी ऑल इंडिया रेडिओचे महासंचालक होते जगदीशचंद्र माथुर, सनदी अधिकारी आणि हिंदीतले नाटककार. ‘कोणार्क’ त्यांचंच. दोन पात्रं एकमेकांशी बोलू लागली की काय घडू शकतं, हे नाटककाराला वेगळं सांगावं लागत नाही.

प्रयोग जोखण्याचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे आलं आणि ते केलं पॉल न्यूराथ यांनी. हा मूळचा व्हिएन्नाचा समाजशास्त्रज्ञ. डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या नाझी छळछावण्यांतून सुटून तो अमेरिकेत पोचला आणि छावण्यांतल्या कैद्यांच्या समाजजीवनावरच त्याने कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला. आता हा माणूस नगर-नाशिककडच्या शेतकऱ्यांच्या बैठका अभ्यासणार होता. त्याने मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि दोन्ही नसलेली गावं यांची तुलना केली. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली होती. नुसता रेडिओ होता तिथे फरक किरकोळ पडला. कार्यक्रम तोच, आवाज तोच. उणीव होती ती ऐकल्यानंतर शेजाऱ्याशी वाद घालण्याची. माथुर आणि न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोने 1959 मध्ये छापला.

मंडळात बसणारे जवळजवळ सगळे पुरुष होते, हेही सांगायला हवं. पाणी भरणाऱ्या, खुरपणाऱ्या, जनावरांचं करणाऱ्या बायकांचं मत त्या कागदांवर कितीसं उतरणार?

आणखी एक गोष्ट मला या प्रयोगापेक्षाही बोलकी वाटते. मुंबई केंद्रशासित होणार, ही घोषणा नेहरूंनी 16 जानेवारी 1956 रोजी केली, तीही रेडिओवरूनच. मुंबईत गोळीबार झाले, माणसं मेली, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. पुढच्याच महिन्यात याच रेडिओने मराठी शेतकऱ्यांना शेती आणि गावसुधारणेवर चर्चा करायला बसवलं. रेडिओ बंद झाल्यावर त्या बैठकांत फक्त ठरवून दिलेलाच विषय चालत असेल, यावर माझा तरी विश्वास नाही. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. गावाचं राजकारणावरचं बोलणं कुठेतरी चालूच होतं; त्याला कार्यक्रमपत्रिकेत जागा नव्हती, एवढंच.

पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागाला माणसं मात्र भाग्याने मिळाली. व्यंकटेश माडगूळकरांनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं. ‘माणदेशी माणसं’ लिहिणाऱ्या लेखकाला गावचा माणूस कसा बोलतो हे शिकायला जावं लागणार नव्हतं. शंकर पाटीलही काही काळ तिथे होते. शेतकऱ्याला शहाणपण शिकवणारा पुस्तकी सूर आणि पारावरचं बोलणं यांतला फरक ओळखणारे कान स्टुडिओत असणं ही मोठीच गोष्ट.

1959 नंतर योजना देशभर नेली आणि मंडळांची संख्या हजारांवर गेली. संख्या वाढली की निमंत्रक पातळ होतो. पुढे घरोघरी ट्रान्झिस्टर आला, जो तो आपापल्या ओसरीवर ऐकू लागला आणि बैठकीचं कारणच उरलं नाही.

रेडिओ गावाच्या हाती येण्याची वाट पुढे न्यायालयातून निघाली. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला. तो देणाऱ्या पीठात न्या. पी. बी. सावंत होते. त्या निकालाचं फळ गावापर्यंत यायला आणखी अकरा वर्षं लागली. 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना आपलं सामुदायिक रेडिओ केंद्र काढायची मुभा दिली. 2008 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला, चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनने ‘माणदेशी तरंग’ सुरू केलं. हा माडगूळकरांचाच माणदेश. याच संस्थेच्या पुढाकाराने 1997 मध्ये महिलांची सहकारी बँक उभी राहिली होती. तिचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला, कारण त्यावर बायकांचे अंगठे होते. 1956 च्या बैठकांत ज्यांना जागा नव्हती, त्यांच्या संस्थेच्या हाती आता माईक आला.

राजकारणाला मात्र अजूनही मज्जाव आहे. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून लावता येतं. पाणीपुरवठा, वीज, हवामान, परीक्षा यांची माहिती चालते. म्हणजे टँकर कधी येणार हे सांगा, पण पाण्याचं वाटप कोणी आणि कसं ठरवलं इथवर गप्पा गेल्या की निवेदकाने जपून बोलायचं. दुष्काळी तालुक्यात या दोहोंमधली रेघ कुठे ओढणार, हे धोरण लिहिणाऱ्यांनी एकदा म्हसवडला बसून ठरवावं.

या केंद्रांना प्रक्षेपणाची ताकद मिळते साधारणपणे 100 वॉटपर्यंत, म्हणजे आसपासची काही गावं. तक्रार करायची तर ही मर्यादा जाचक आहे. पण तिच्यामुळेच निवेदक आणि श्रोता आठवडी बाजारात समोरासमोर येतात, आणि कालच्या कार्यक्रमात अमुक चुकीचं सांगितलंस म्हणून कोणीही त्याला भाजीच्या ढिगापाशी अडवू शकतं. 1956 च्या निमंत्रकाला एवढ्यासाठी पुण्याला पत्र घालून पुढच्या गुरुवारची वाट पाहावी लागे.