बाल्डविनची काकवी आणि वालधुनीचं पाणी

ब्रिटिश पेटंट क्रमांक 2327, साल 1860. बाल्डविन नावाच्या माणसाचं हे पेटंट गेली काही वर्षं माझ्या डोक्यात ठाण मांडून आहे. पोलादी पत्रे ॲसिडात धुताना हौदात काकवी आणि वनस्पती तेल घालावं, एवढाच त्याचा दावा. गंज आणि पापुद्रा सुटतो, खालचा धातू वाचतो. पुढे 1872 मध्ये इटलीत मारांगोनी आणि स्तेफानेली यांनी सरस, जिलेटिन आणि कोंडा यांचे अर्क वापरून लोखंड वाचवून पाहिलं. 1900 मध्ये रॉबिन्सन आणि सदरलँड यांनी अमेरिकेत स्टार्चचं पेटंट घेतलं. आज संशोधनपत्रिका ज्याला ‘ग्रीन इनहिबिटर’, म्हणजे ॲसिडापासून धातू वाचवणारा नैसर्गिक पदार्थ, म्हणून डोक्यावर घेतात, त्यापासूनच या विद्येची सुरुवात झाली होती.

मग थायोयुरिया, फॉर्माल्डिहाइड, प्रोपार्जिल अल्कोहोल आले आणि काकवी मागे पडली. ही रसायनं दर खेपेला सारखीच मिळतात, कुजत नाहीत, चिमूटभर पुरतात. कारखानदाराला आणखी काय हवं? फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये दिला, पण तोवर कामगारांच्या दोन पिढ्या त्याच वाफेत उभ्या राहिल्या होत्या.

पर्याय शोधणारे भारतातही कमी नाहीत. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातले एम. ए. कुरेशी आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये कढीपत्त्याचा अर्क हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक अशा दोन्ही ॲसिडांत तपासला आणि तो चांगला उतरला. अर्कातले नायट्रोजन-ऑक्सिजनवाले रेणू पोलादाला चिकटतात आणि ॲसिडाची वाट अडवतात. आंब्याची साल त्याआधीच, 1980 च्या दशकात इजिप्तमध्ये, तपासून झाली होती. तेव्हापासून स्वयंपाकघरातला एकही जिन्नस सुटला नसावा! माझी तक्रार वेगळीच आहे. यातले बहुतेक प्रयोग बोटभर पट्टी, काचेचा चंबू आणि काही तास एवढ्यावर संपतात. कारखान्यातला हौद मात्र आठवडेच्या आठवडे चालतो, त्यात लोखंड विरघळत जातं, ॲसिड तापवलेलं असतं, आणि पावसाळ्यातल्या पानाचा अर्क उन्हाळ्यातल्या पानासारखा निघत नाही.

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीच्या बाजूने हा विषय पाहिला की हिशोब बदलतो. अंबरनाथलाच संरक्षण संशोधन संघटनेची नौदल सामग्री प्रयोगशाळा आहे; जहाजांचा गंज हा तिचा अभ्यासविषय. तिथून फार दूर नाही अशी वालधुनी नदी शके 982 मधल्या, म्हणजे इसवी 1060 च्या, शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरात शिरते. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस रात्री टँकरने तिच्यात रसायन ओतलं गेलं आणि शेकडो रहिवाशांना श्वास कोंडल्याने रुग्णालयात न्यावं लागलं. पुढच्याच वर्षी ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल 95 कोटी रुपयांचा भुर्दंड ठोठावला. भुर्दंड बसलेल्यांत सांडपाणी केंद्रंही होती आणि नगरपालिकाही.

हौदातून नदीपर्यंत काय जातं, त्याचं आता साधं गणित. शुद्ध हायड्रोक्लोरिक ॲसिड धरलं तर 56 किलो लोखंड 73 किलो ॲसिड खातं. म्हणजे पापुद्र्याखालचं एक किलो चांगलं लोखंड विनाकारण विरघळलं, तर बाजारात मिळणारं तीस टक्क्यांचं ॲसिड चार किलोंहून जास्त फुकट गेलं. शिवाय ते लोखंड चुन्याने खाली बसवायला सव्वा किलोहून जास्त विझवलेला चुना लागतो, आणि फेरिक हायड्रॉक्साइडचा कोरडा गाळ जवळजवळ 1.9 किलो निघतो. तो ओला असताना किती भरतो, ते ट्रक भरणाऱ्याला विचारावं. इनहिबिटर चांगला असेल तर ही सगळी साखळीच आखूड होते. त्याचा हिरवेपणा मी इथे मोजतो. तो कुठल्या झाडाचा, याला माझ्या लेखी दुय्यम किंमत.

शिवाय पान निरुपद्रवी म्हणून अर्कही निरुपद्रवी, हे खरं नाही. काकवी नदीत गेली की पाण्यातला प्राणवायू खातेच; साखर कारखान्यांच्या मळीने महाराष्ट्राला हे पुरेपूर शिकवलं आहे. आणि इनहिबिटर कुठलाही असो, वापरून संपलेला हौद हा लोहक्षार आणि उरलेल्या ॲसिडाचा घातक कचराच राहतो. त्यातलं लोहक्लोराइड काढून सांडपाणी शुद्धीकरणासाठी वापरता येतं, ॲसिड परत मिळवता येतं. पण त्याला यंत्रणा लागते, आणि छोट्या गाळ्याच्या मालकाला टँकरवाला स्वस्त पडतो. म्हणून अर्कांवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी धातू किती वाचला त्या टक्केवारीच्या शेजारी आणखी तीन आकडे छापावेत: हौद किती दिवस चालला, रिकामा करताना त्यात लोखंड किती होतं, आणि अर्कामुळे त्या पाण्याची ऑक्सिजनची मागणी किती वाढली.