पडतानाचा पाऊण सेकंद

माझी मावशी वयाच्या ७९व्या वर्षी पहाटे मोरीच्या उंबऱ्याशी पडली. उंचावरून नव्हे, उभी होती तिथेच. उजव्या कुशीवर आपटली आणि खुब्याचे हाड मोडले. "पडले म्हणून मोडलं, की मोडलं म्हणून पडले?" असे ती पुढे कित्येक दिवस विचारत असे. प्रश्न भाबडा नाही. म्हातारपणी हाडे विरळ होतात हे खरे. पण खुब्याचे बहुतेक अस्थिभंग होतात ते कुशीवर पडून मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा थेट जमिनीवर आदळल्यामुळे. कमरेच्या थोडे खाली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला हात लावून पाहावा. जे टणक लागते तो हा उंचवटा. त्यावर मांसाचे आवरण बेताचेच असते, आणि किडकिडीत माणसाच्या कातडीखाली लगेच हाडच.

हाडाला किती मार बसतो याचा ढोबळ हिशेब आठवी-नववीचा विद्यार्थीही करू शकेल. कुशीवर पडताना खुबा जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर असतो. सगळे शरीर एकदम आदळत नाही. खुब्यावर येणारा वाटा ३० किलोग्रॅम धरू. म्हणजे गतिज ऊर्जा झाली १३५ ज्यूल. ही ऊर्जा कातडी, चरबी व स्नायू दबले जाण्याच्या अडीच सेंटिमीटर अंतरात संपवायची असेल, तर सरासरी बल येते १३५ भागिले ०.०२५, म्हणजे ५४०० न्यूटन. प्रयोगशाळेत मोजलेले आकडेही याच घरातले आहेत. तरुणाचे हाड अशा आडव्या माराला सुमारे ७००० न्यूटनपर्यंत टिकते. वृद्धांचे सरासरी साडेतीन हजारांच्या आसपासच मोडते.

मग उपाय सरळ दिसतो. थांबण्याचे अंतर वाढवावे. क्रिकेटपटू झेल घेताना हात मागे नेतो, तसेच. दीड सेंटिमीटर दबणारी गादी खुब्यावर बांधली तर भाजक ०.०४ होतो आणि बल ३३७५ न्यूटनवर येते. मात्र हे हाडाच्या मर्यादेला जेमतेम शिवते. अधिक जाड गादी बांधावी, तर दोन्ही बाजूंना उशा बांधून कोण हिंडणार? म्हणून काही अभियंत्यांनी वेगळा विचार केला. उंचवट्यावर उपडी वाटी ठेवली, तर जमिनीचा मार वाटीच्या कडांवरून आजूबाजूच्या स्नायूंत जाईल आणि मधले हाड वाचेल. अंतर्वस्त्राच्या दोन्ही बाजूंना शिवलेल्या खिशांत अशा वाट्या किंवा गाद्या बसवायच्या, हे झाले 'खुबारक्षक'.

याची पहिली मोठी परीक्षा कोपनहेगनमधील एका वृद्धाश्रमात झाली. १९९३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. आश्रमाच्या २८ विभागांपैकी १० विभाग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून तेथील २४७ जणांना खुबारक्षक दिले. उरलेल्या ४१८ जणांना दिले नाहीत. पहिल्या गटात ८ जणांचे खुबे मोडले, दुसऱ्यात ३१ जणांचे. टक्केवारी विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावी: ३.२ आणि ७.४. धोका निम्म्याहून खाली आला. शिवाय ज्या आठ जणांचे हाड मोडले, त्यांपैकी एकाच्याही अंगावर त्या क्षणी खुबारक्षक नव्हता.

येथे थांबून शंका काढली पाहिजे. खुबारक्षक नियमित वापरणाऱ्यांचे प्रमाण होते सुमारे २४ टक्के. चौघांतला एक जण छत्री घेऊन निघाला आणि भिजणाऱ्यांची संख्या निम्म्याने घटली, असे कोणी सांगितले तर आपण विश्वास ठेवू का? कदाचित ज्यांना पडण्याची भीती अधिक तेच वापरत असतील. कदाचित त्या दहा विभागांतले लोक मुळातच थोडे सुदृढ असतील. विभाग निवडले होते, माणसे नव्हेत. अशा वेळी नशिबाचा वाटा वाढतो.

फिनलंडमधील १८०१ वृद्धांची चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. तिथेही फायदा दिसला. त्यातला एक तपशील मला वर्गात सांगायला आवडतो. खुबारक्षक दिलेल्या गटातील लोक ते अंगावर असताना १०३४ वेळा पडले आणि ४ खुबे मोडले. अंगावर नसताना ३७० वेळा पडले आणि ९ मोडले. हजारी प्रमाण काढले तर सुमारे ४ विरुद्ध २४. आकडा डोळ्यांत भरतो. पण ही तुलना चोख नाही. ज्या दिवशी माणूस आजारी असतो, गोंधळलेला असतो, त्याच दिवशी तो खुबारक्षक घालायचा राहतो, आणि त्याच दिवशी पडतोही वाईट.

यातून सुटायची सुंदर युक्ती अमेरिकेतील संशोधकांनी काढली. बोस्टन, सेंट लुईस व बाल्टिमोर येथील ३७ शुश्रूषागृहांतील १०४२ वृद्धांना त्यांनी एकाच बाजूला गादी असलेले वस्त्र दिले. कोणाला उजवीकडे, कोणाला डावीकडे. आता वय तेच, हाडे तीच, पडण्याची सवयही तीच; एक खुबा झाकलेला, दुसरा उघडा! वापरही चांगला झाला, सुमारे ७४ टक्के. २००७ साली निकाल आला: झाकलेल्या बाजूचे ३.१ टक्के आणि उघड्या बाजूचे २.५ टक्के खुबे मोडले. हा फरक योगायोगाने पडण्याइतका लहान होता, म्हणजे गादीचा उपयोग शून्य. चाचणी आधीच थांबवावी लागली.

म्हणजे आधीचे सगळे खोटे का? तसे म्हणता येत नाही. अमेरिकेतली गादी वेगळ्या घडणीची होती आणि तोवर अशा गाद्यांची चाचणी कशी घ्यावी यावर एकमतच नव्हते. २००९ साली निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी त्यासाठी शिफारशी केल्या. २०१४ साली सर्व चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात वृद्धाश्रमांमध्ये दर हजार माणसांमागे सुमारे ११ खुबे वाचतात असे निघाले. स्वतःच्या घरी राहणाऱ्यांमध्ये मात्र फायदा जवळजवळ दिसला नाही. आपल्याकडचे बहुतेक वृद्ध घरीच राहतात, हे ध्यानात ठेवावे.

सारा वेळ गादी वागवण्यापेक्षा पडतानाच ती तयार झाली तर? मोटारीतल्या हवेच्या पिशवीसारखी पिशवी असलेले कंबरपट्टे आता मिळतात. ते पडणे कसे ओळखतात, हे प्लास्टिकच्या बाटलीने दाखवता येईल. बाटलीच्या बुडाजवळ भोक पाडून पाणी भरावे, धार लागेल. बाटली हातातून सोडली की पडेपर्यंत धार थांबते, कारण मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूला आपले वजन जाणवत नाही. पट्ट्यातील त्वरणमापकही हेच टिपतो: वजन हलके झाले, शरीर कलले, वळू लागले.

मात्र माणूस बाटलीसारखा सुटत नाही. गुडघे वाकतात, हात काही धरू पाहतात, म्हणून वजन पूर्ण नाहीसे होत नाही. खुर्चीत धपकन बसणेही बरेचसे तसेच दिसते. तोल जाण्यापासून आदळण्यापर्यंत असतो जेमतेम पाऊण सेकंद. त्यातला पहिला अर्धा 'हे पडणेच आहे ना?' याची खात्री करण्यात जातो, आणि पिशवी फुगायला दशांश सेकंदाच्या आसपास लागतो. लवकर निर्णय घेतला तर खुर्चीत बसतानाच पिशवी फुटते. उशिरा घेतला तर हाड मोडून गेलेले असते. (विद्यार्थ्याच्या चिमटीतून अचानक पट्टी सोडून त्याला पकडायला सांगावे. ती साधारण २० सेंटिमीटर घसरते. तेवढ्याला ०.२ सेकंद लागतात. पाऊण सेकंद म्हणजे किती, याचा अंदाज येईल.) पट्ट्याचे गणित सुधारते आहे; परंतु पट्टाही खुबारक्षकासारखाच अंगावर असावा लागतो.

मावशी बरी होऊन काठीने चालू लागल्यावर मी तिच्यासाठी खुबारक्षकाचे दोन जोड आणले. तिने एक घातला, आरशात पाहून हसली, वर लुगडे नेसली. दोन दिवसांनी गेलो तर तो दोरीवर वाळत होता आणि दुसऱ्याची घडीही मोडलेली नव्हती. दिवसा घालते म्हणाली, पण रात्री काढून ठेवते. पहाटे मोरीकडे जायच्या घाईत ते खाली-वर करणे तिला जमत नाही. आता आम्ही मोरीच्या भिंतीला धरायला एक दांडा बसवला आहे, आणि उंबरा काढून टाकला आहे.