कामट्यांची चांदणी, नाचणीचं गवत

दिवाळीला घरी आकाशकंदील करणाऱ्यांना नाताळची चांदणी मुळीच अवघड नाही. हात तोच, आकार वेगळा.

सारख्या लांबीच्या १० कामट्या, दोरा, पतंगी कागद आणि खळ, एवढंच साहित्य. पाच कामट्या एकमेकींत गुंतवून टोकं बांधली की एक चांदणी झाली. तशीच दुसरी करून दोन्हींची टोकं जोडायची. मग आतल्या पाच सांध्यांत बोटभर काड्या आडव्या खोचायच्या. सांगाडा फुगतो, दिव्याला जागा होते. कागद चिकटवताना मागे हात जाईल एवढी फट ठेवावी. बल्ब एलईडीचाच लावावा. जुना पिवळा बल्ब तापतो, कागद करपतो.

आता येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा. इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली खरे बैल आणि गाढव आणून तो उभा केला होता. घरी खोकं पुरतं. गवतासाठी नाचणी किंवा गहू रात्रभर भिजवून ताटलीतल्या मातीत पसरावेत. १५ डिसेंबरच्या सुमारास पेरलं, की नाताळपर्यंत हिरवंगार.

आणि भेट? गोव्यात नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं असे गोड पदार्थ शेजारीपाजारी वाटतात. जॅमच्या रिकाम्या बरणीत कुलकुलं भरून झाकणाला उरलेल्या पतंगी कागदाची झालर लावली, की झालं.

सांगाडा तिरका होतोय? फोटो टाकून बिनधास्त विचारा.