रोपलेला सांधा दुखू लागला तर...

एके काळी घरातील वृद्ध माणूस ‘आता गुडघे गेले’ असे म्हणाला, की घरचे लोक त्याच्या हाती काठी देत आणि तो विषय तेथेच संपे. आज त्या झिजलेल्या गुडघ्याच्या जागी धातूचा गुडघा बसतो, आणि जिना पाहून घाबरणाऱ्या आजीबाई पुन्हा मंडईत जाऊन भाजीचा भाव करू लागतात. ही शस्त्रक्रिया भरवशाची आहे यात शंका नाही. अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार पूर्ण बदललेल्या १०० गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात.

पण सर्वच सांध्यांचे भाग्य सारखे नसते. वर्ष-दोन वर्षे उत्तम चाललेला सांधा एखाद्या दिवशी ठणकू लागतो, सुजतो, गरम लागतो. अशा वेळी आपल्याकडे काय होते? कोणी म्हणते, ‘थंडीचे दिवस आहेत, दुखायचेच.’ कोणी कपाटातल्या मागच्या खेपेच्या अँटिबायोटिक गोळ्या शोधून काढते. दोन दिवसांत बरे वाटते, आणि खरा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

तो कसा, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. आजच्या कृत्रिम खुब्याचे जनक म्हणून ओळखले जाणारे जॉन चार्न्ली हे इंग्लंडमधील रायटिंग्टन येथील रुग्णालयात काम करीत. १९५८ पासून त्यांनी खुब्याची उखळी टेफ्लॉनची बसविण्यास आरंभ केला. रोगी चालू लागले, सगळीकडे आनंद झाला. पण टेफ्लॉन झिजले, त्याचा भुगा सांध्यात साचला आणि सांधे सैल झाले. तेव्हा चार्न्ली यांनी १९६२ साली टणक पॉलिएथिलिनची उखळी स्वीकारली. दुसरा शत्रू होता जंतुसंसर्ग. शस्त्रक्रियेच्या जागेत गाळलेल्या शुद्ध हवेचा झोत, विशेष पोशाख अशा उपायांनी दहा वर्षांत त्यांनी संसर्गाचे प्रमाण ७ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली आणले. तात्पर्य, सांधा मुख्यतः दोन कारणांनी बिघडतो: एक झीज किंवा सैलपणा, दुसरे जंतू. दोन्हींचे दुखणे वरवर सारखेच दिसते. उपचार मात्र अगदी वेगळे.

जिवंत हाडावर जंतूंनी हल्ला केला तर रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून जातात. धातूला रक्तपुरवठा नसतो. तेथे जंतू एक चिकट थर तयार करून त्याखाली दडी मारतात. गोळीने रक्तात हिंडणारे जंतू मरतात, ताप उतरतो, सूजही कमी होते. थराखालची वस्ती कायमच राहते. आणि मग तपासणीसाठी सांध्यातले पाणी काढावे, तर त्यात जंतू सापडत नाहीत! गोळीने रोग गेलेला नसतो, केवळ पुरावा गेलेला असतो.

म्हणून शल्यविशारद प्रथम क्ष-किरण चित्र घेतात व जुन्या चित्राशी ताडून पाहतात. हाड आणि सांधा यांच्यामध्ये नवी फट दिसली, तर सैलपणाचा संशय येतो. कधीकधी सांधा निर्दोष असतो आणि गुडघ्यातील कळ खुब्यातून किंवा कमरेच्या मणक्यातून आलेली असते. म्हणून तेही पाहावे लागते. रक्ताच्या ईएसआर व सीआरपी या तपासण्या होतात. शस्त्रक्रियेनंतर सीआरपी काही आठवड्यांत पूर्ववत होते. ते पुन्हा चढले, तर सावध व्हावे. मग सुईने सांध्यातले पाणी काढतात. जुन्या सांध्यातील पाण्यात दर मायक्रोलिटरला ३,००० हून अधिक पांढऱ्या पेशी आढळल्या, तर संसर्गाचा संशय बळावतो. त्याच पाण्यातून जंतू वाढवून पाहतात. काही जंतू इतके सावकाश वाढतात, की १४ दिवस वाट पाहावी लागते. रोग्याची प्रकृती स्थिर असेल तर पाणी काढण्यापूर्वी सुमारे दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात, ते याचसाठी.

संसर्ग सुरुवातीलाच, दोन-चार आठवड्यांत पकडला, तर सांधा उघडून धुतात, मधला प्लॅस्टिकचा भाग बदलतात, आणि पुष्कळदा मूळ सांधा वाचतो. उशीर झाला, तर सांधाच काढावा लागतो. त्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता तुकडा बसवून बहुधा सहा आठवडे औषधे देतात आणि संसर्ग गेल्याची खात्री पटल्यावर नवा सांधा बसवितात. सिमेंटमध्ये अँटिबायोटिक मिसळण्याची युक्ती हॅम्बुर्गचे डॉक्टर बुखहोल्झ यांनी १९७० च्या सुमारास रूढ केली. निवडक रोग्यांत काढणे व बसविणे एकाच वेळीही उरकतात. केवळ सैलपणा असेल, तर सैल भाग बदलून काम भागते.

काही लक्षणे मात्र एक दिवसही थांबण्याजोगी नाहीत. पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी दम लागला किंवा छातीत कळ आली, तर रक्ताची गुठळी झाल्याचा संशय धरून ताबडतोब रुग्णालय गाठावे. खुबा बदललेल्या माणसाचा पाय अचानक आखूड दिसू लागला आणि टेकवेना, तर सांधा निखळला असण्याचा संभव असतो. थंडी वाजून जोराचा ताप आला, तरीही तेच करावे. तेथे डॉक्टर आधी नमुने घेतील आणि लगेच औषध सुरू करतील.

घरच्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, जखमेतून पाणी झिरपत राहिले, तर घरी पट्ट्या बदलीत न बसता शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच दाखवावे. दुसरी, दातातला पू, लघवीची जळजळ, मधुमेह्याच्या पायाची जखम यांवर वेळीच इलाज करावा. तेथले जंतू रक्तावाटे सांध्यापर्यंत पोचू शकतात. तिसरी, बसविलेल्या सांध्याच्या क्रमांकाचा कागद घरच्या महत्त्वाच्या कागदांत जपून ठेवावा. २०१० साली धातूवर धातू घासणारा एका प्रकारचा कृत्रिम खुबा जगभरातून परत मागविला गेला, तेव्हा ‘आपल्याकडचा कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावरच होते.

दुखणे अंगावर काढण्याची आपल्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः घरातल्या बायकांना, फार सवय. मुलांना खर्च नको, सुनेला त्रास नको, म्हणून आई गप्प राहते. तेव्हा ‘कसा आहे गुडघा?’ असे नुसते विचारू नका. तिची चाल पाहा, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून एक अधिक गरम लागतो का ते पाहा. लागला, तर गोळी शोधू नका. डॉक्टरांची वेळ घ्या आणि पहिला प्रश्न हाच विचारा, ‘दुखण्याचे कारण काय?’