पेशीविभाजन: चित्रांनी करून दिलेले गैरसमज

गुणसूत्र म्हटले की पुस्तकातला इंग्रजी ‘एक्स’ डोळ्यांसमोर येतो, आणि ते कायम तसेच असते असे विद्यार्थी धरून चालतात. प्रत्यक्षात बहुतेक काळ ते केंद्रकात लांब, विरळ धाग्यासारखे पसरलेले असते. विभाजनापूर्वी डीएनएची प्रत तयार होते. मूळ आणि प्रत गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेली राहतात आणि घट्ट गुंडाळली गेली की ‘एक्स’ दिसतो. पश्चावस्थेत हे दोन भाग, म्हणजे क्रोमॅटिड, सुटे झाले की तो आकारही संपतो.

मोजणीतला घोळ इथूनच सुरू होतो. डीएनए दुप्पट झाला म्हणजे माणसाच्या पेशीत ९२ गुणसूत्रे झाली का? नाही. गुणसूत्रे मोजायची ती गुणसूत्रबिंदूंवरून, म्हणून ती ४६च. ९२ झाले ते क्रोमॅटिड. ते सुटे झाल्यावर मात्र प्रत्येकाला गुणसूत्र म्हणतात. त्यामुळे पेशी दुभंगेपर्यंत आकडा खरोखरच ९२ असतो, मग दोन्ही पेशींत ४६-४६.

दोन विभाजनांमधल्या काळाला काहीजण अजूनही ‘विश्रांती’ म्हणतात. अजब विश्रांती! पेशीची वाढ आणि डीएनएची प्रतिकृती याच काळात होते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीचे चक्र साधारण २४ तासांचे. त्यात सूत्री विभाजन जेमतेम तासाभराचे. म्हणून कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरली की बहुतेक पेशींत नुसते गोल, दाणेदार केंद्रक दिसते. ‘सर, काही दिसत नाही’ म्हणत स्लाइड टाकून देऊ नका. शंभर पेशी मोजा, त्यांतल्या किती विभाजित होत आहेत ते लिहा. प्रयोगाचे खरे उत्तर तेच.

डीएनएत चारही बेस सारख्याच प्रमाणात असतात, हाही एक गैरसमज. दुहेरी साखळीत ॲडेनिन ३० टक्के असेल तर थायमिनही ३० टक्के, पण ग्वानिन आणि सायटोसिन २०-२० टक्केच.

आणि वॉटसन-क्रिक यांनी डीएनए ‘शोधला’ नाही. तो फ्रीड्रिख मीशर यांनी १८६९ मध्ये जखमेच्या पट्ट्यांवरच्या पुवातल्या पेशींतून वेगळा केला होता. १९५३ मध्ये मांडली गेली ती त्याची रचना. तिला मोठा आधार होता रोझालिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांच्या १९५२च्या क्ष-किरण छायाचित्राचा. १९६२चे नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळाले. फ्रँकलिन १९५८ मध्येच वारल्या होत्या.